म्हातारा चळला नाही, नहर बुजली आहे

थोडं लांब लिहितोय. विषय आरोग्याचा आहे, पण फक्त डॉक्टर लोकांसाठी नाही. ग्रामसभेत बसणारे, आश्रमशाळेत शिकवणारे, घरात म्हातारं माणूस असणारे, सगळ्यांनी वाचावं असं वाटतं.

आधी एक प्रश्न. गडचिरोलीच्या खेड्यांत माणसं सगळ्यात जास्त कशानं मरतात? बाहेरचा माणूस पटकन नक्षलवाद म्हणेल. आपल्यातला कोणी मलेरिया म्हणेल, कोणी साप. चंद्रपूरचा असेल तर वाघ म्हणेल, कारण पेपरात तेच छापून येतं. खरं उत्तर आहे लकवा.

हे मी नाही म्हणत. चातगावजवळच्या शोधग्रामात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था आहे. त्यांनी एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतल्या, सुमारे ९४ हजार वस्तीतल्या मृत्यूंची नोंद घेतली आणि प्रत्येकाचं कारण शोधलं. एकूण मृत्यू १५९९. त्यातले २२९ लकव्याने. म्हणजे साधारण सात मृत्यूंमागे एक, आणि दुसऱ्या कुठल्याही एका कारणापेक्षा जास्त. लकव्याने गेलेल्या शंभरातल्या ८७ जणांचा जीव घरीच गेला. तेव्हा सर्चमध्ये असलेले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१५ साली छापून आला. जगभरातल्या डॉक्टरांनी वाचला. आपल्या जिल्हा परिषदेच्या किती सभांमध्ये त्यावर चर्चा झाली असेल, हे तुम्हीच ठरवा.

पण लकवा हा शेवटचा अंक झाला. मला बोलायचं आहे त्याच्या आधीच्या काही वर्षांबद्दल, आणि ज्यांना लकवा कधी मारतच नाही पण डोकं मात्र हळूहळू मंदावत जातं, त्यांच्याबद्दल.

आपल्या भाषेत त्याच्यासाठी म्हण तयार आहे: साठी बुद्धी नाठी. म्हातारा तेच तेच विचारतो, पैशाचा हिशेब चुकतो, बोलता बोलता मध्येच थांबतो, बैल सोडून दोर घेऊन घरी येतो. आपण म्हणतो, बुडा चळला. वय झालं. विषय संपला. ना तपासणी, ना औषध. ही म्हण आपल्याला फार सोयीची आहे, कारण तिच्यामुळे कोणालाच काही करावं लागत नाही.

आता मानेतल्या नसेकडे येतो. जबड्याच्या कोपऱ्याखाली दोन बोटं ठेवली की ठोका लागतो. ती कॅरोटिड. डावीकडे एक, उजवीकडे एक. मेंदूच्या पुढच्या मोठ्या भागाचं रक्त यांच्यातूनच जातं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण एकूण प्राणवायूतला सुमारे २० टक्के एकटा खातो, आणि साठवून काहीच ठेवत नाही. रोज आणायचं, रोज खायचं. जबड्याखाली ही नस दोन फाट्यांत विभागते, आणि जिथे फाटा फुटतो तिथेच गाळ साचतो. बीपी वाढलेलं, साखर वाढलेली, तंबाखू चालू, की नसेच्या आतल्या भिंतीला चरबीचा, चुन्याचा थर धरतो. वर्षानुवर्षं. दुखत नाही, खुपत नाही, कळत नाही.

ज्यांच्या शेताला मामा तलावाचं पाणी आहे त्यांना पुढचं सांगावंच लागणार नाही. तलावात पाणी आहे, तुडूम उघडलं आहे, पण नहरीत गाळ. पहिल्या बांध्यांना पाणी पोचतं. मधल्यांना कमी पोचतं. शेवटच्या टोकाच्या बांधीत मात्र धान लोंबीवर असताना जमीन तडकते. तलाव आटला असं कोणी म्हणत नाही, कारण तो आटलेला नसतोच. मेंदूतही असंच आहे. दोन मोठ्या नसांच्या पाण्याची जिथे हद्द मिळते, तिथला भाग टोकाचा. दाब कमी झाला की आधी तोच सुकतो. आणि नेमक्या त्या टोकाच्या भागातून मेंदूच्या एका भागाला दुसऱ्या भागाशी जोडणाऱ्या तारा जातात.

निसर्गाने एक सोय केलेली आहे, ती सांगायला हवी. मेंदूच्या तळाशी नसांचं एक कडं असतं. १६६४ साली थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरने त्याचं नीट वर्णन केलं, म्हणून त्याला विलिसचं कडं म्हणतात. डावी नहर बुजली तर उजवीकडचं पाणी या कड्यातून डावीकडे वळतं. म्हणूनच काही माणसांची एक नस पूर्ण बंद होऊनही ती चालती-बोलती असतात. पण खूप जणांचं हे कडं जन्मापासूनच अपुरं असतं, कुठला तरी दुवा बारीक किंवा नसलेला. कोणाचं पूर्ण आणि कोणाचं अपुरं, हे चेहऱ्यावरून कळत नाही.

आता 'जोडणी' म्हणजे काय ते. १९९५ साली भारतीय वंशाचे संशोधक भरत बिस्वाल यांनी अमेरिकेत एक गोष्ट दाखवली. माणूस एमआरआयच्या यंत्रात काहीही न करता नुसता पडलेला असला तरी मेंदूचा डावा हात हलवणारा भाग आणि उजवा हात हलवणारा भाग एकाच लयीत वर-खाली होत असतात. म्हणजे एकमेकांशी बोलत असतात. रोवणीच्या बाया जशा एका ओळीत, एका लयीत मागे सरकत जातात, तसं. या लयीवरून कोणता भाग कोणाशी किती जोडलेला आहे हे मोजता येऊ लागलं. नंतर हेच मोजमाप मानेची नस अरुंद झालेल्या, पण लकवा कधीच न झालेल्या माणसांवर केलं गेलं. अनेक अभ्यासांत दिसलं की लक्ष देणं, आठवणं, ठरवणं या कामांच्या भागांतली लय अशा माणसांत ढिली पडलेली असते. फक्त अरुंद बाजूलाच नाही, कधी कधी दोन बाजूंच्या मधलीही. ओळीतली एकही बाई शेतातून निघून गेलेली नाही, पण एका टोकाच्या बायांचा हात मंदावला, आणि सगळी ओळ वाकडी झाली.

यातले बरेच अभ्यास लहान आहेत, काही डझन माणसांचे. आणि एक रास्त शंकाही आहे. ज्याची मानेची नस खराब, त्याचं बीपीही जास्त, साखरही जास्त, तंबाखूही. मग डोकं मंदावलं ते नसेमुळे की या बाकीच्या गोष्टींमुळे? नस म्हणजे नुसती खूण असेल.

या शंकेला मला सगळ्यात आवडलेलं उत्तर २००४ च्या एका अमेरिकन अभ्यासात आहे. त्यांनी उजव्या हाताने काम करणारे सुमारे ४००० वयस्क लोक घेतले. अशा माणसांची भाषा बहुतेक डाव्या मेंदूत असते, आणि स्मरणाच्या साध्या चाचण्या भाषेवरच चालतात. आता बीपी, साखर, तंबाखू हे तर दोन्ही बाजूंना सारखंच लागतं. नस ही नुसती खूण असती तर डावी अरुंद काय, उजवी अरुंद काय, चाचणीत फरक पडायला नको होता. पण फरक पडला. डावी नस तीन चतुर्थांश किंवा जास्त बंद असलेल्यांचे गुण घसरलेले होते. उजवीचा विचार करता तसा संबंध दिसला नाही. माणूस तोच, शरीर तेच, फक्त बाजू वेगळी. म्हणजे नहरीचा दोष आहेच.

आता आपल्या मातीत या.

आपल्याकडे डोकं मंदावणं म्हणजे नेमकं काय बिघडणं? शहरात गाडीची किल्ली हरवते, नवऱ्याचा वाढदिवस विसरतो. आपल्याकडे तेंदूच्या हंगामात पुडा बांधताना ७० पानांचा हिशेब चुकतो, फळीवर पुडे कमी भरतात, आणि मजुरी कापली जाते. वर्षानुवर्षं जंगलात गेलेला माणूस ओळखीच्या वाटेवर थबकतो. राशनच्या केवायसीला अंगठा नीट लागत नाही म्हणून 'परत या' ऐकून घरी येतो, आणि परत कधी जायचं ते विसरतो. निराधारचे पैसे काढले की नाही आठवत नाही, आणि मग सुनेवर आळ. घरातली भांडणं किती तरी याच्यातून होतात.

आणि एक गोष्ट आहे जी बाकी महाराष्ट्राला लागू नाही तितकी आपल्याला आहे. वनहक्क.

२००६ चा वनहक्क कायदा आणि त्याचे २००८ चे नियम काढून बघा. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात सरकारी कागद आहेत, नकाशे आहेत, शेतातल्या बांधांच्या, विहिरींच्या खुणा आहेत. आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं, लिहून घेतलेलं निवेदनही आहे. म्हणजे म्हाताऱ्याची आठवण हा कायद्याने मानलेला पुरावा आहे. आजा कुठे शेती करायचा, देव कुठे बसवलेला होता, मोहफुलं कोणत्या बाजूची कोण वेचायचं, जुनी वस्ती कुठून उठून कुठे आली. गैरआदिवासी वननिवासींना तर १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, रहिवास दाखवावा लागतो. १९३० चा कागद चंद्रपूर-गडचिरोलीच्या किती शेतकऱ्यांकडे आहे? कागद नाहीच. जे आहे ते बापाने, आज्याने सांगितलेलं, आणि ते ऐकलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी एक. त्यामागे देवाजी तोफांसारख्यांची चळवळ होती, अभ्यास होता, ग्रामसभा होती. पण हद्द सांगायला शेवटी जंगल पाठ असलेली माणसंच लागतात. ज्या गावांचे दावे अजून अडकले आहेत, फेटाळले गेलेत, अपिलात आहेत, तिथली ही माणसं म्हणजे चालतं-बोलतं अभिलेखागार आहे. त्या अभिलेखागाराची नहर गाळाने बुजते आहे आणि आपण हसून म्हणतोय, बुडा चळला.

मी अतिशयोक्ती करतोय असं वाटेल काहींना. वाटू द्या. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला आठवणीची किंमत कळायची नाही.

मग करायचं काय? इथे एक धोका आहे. 'मानेची नस' म्हटलं की लगेच कोणी तरी शिबिर लावेल. मोफत डॉप्लर, सगळ्या पन्नाशीच्या वरच्यांची मान तपासा, बॅनरवर फोटो, आणि ज्याच्या नसेत ५०-६० टक्के गाळ दिसला त्याला घाबरवून नागपूरला पाठवा, स्टेंट टाका, ऑपरेशन करा. जमीन गहाण. हे मुळीच नको. ज्यांना कुठलंच लक्षण नाही अशा सगळ्यांची कॅरोटिड तपासू नका असा सल्ला अमेरिकेतली अधिकृत तज्ज्ञ समितीसुद्धा देते (२०१४ ला दिला, २०२१ ला पुन्हा दिला), कारण त्यातून फायद्यापेक्षा नुकसान जास्त. ऑपरेशनमध्येच काहींना लकवा येतो. आणि नस साफ केली की गेलेली बुद्धी परत येते, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

ज्यांना इशारा मिळाला आहे त्यांची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. एका डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं झालं आणि दहा मिनिटांत गेलं. हातातला तांब्या पडला, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, आणि तासाभरात सगळं ठीक. आपल्याकडे याला 'वारं लागलं', 'झटका येऊन गेला' म्हणतात, आणि बरं झालं म्हणून सोडून देतात. ठीक झालं म्हणूनच तर धावायला हवं! पुढचे काही दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. अशा माणसाची मान त्याच आठवड्यात डॉप्लरने बघितलीच पाहिजे. १९९१ साली उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला: इशारा मिळालेल्या आणि नस ७० टक्क्यांवर बंद असलेल्यांमध्ये, नुसत्या औषधांवर दोन वर्षांत शंभरात २६ जणांना त्या बाजूचा लकवा झाला. ऑपरेशन केलेल्यांत ९ जणांना. एवढा फरक वैद्यकात क्वचित दिसतो.

बाकी सगळ्यांसाठी उत्तर कंटाळवाणं आहे, म्हणूनच कोणी त्याचं उद्घाटन करत नाही. बीपी मोजा. गोळी द्या. गोळी दर महिन्याला, न चुकता, गावात मिळू द्या. बीपी १२० च्या खाली ठेवून पाहिलेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत (निकाल २०१९) स्मृती-बुद्धीच्या सौम्य घसरणीचं प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळलं. गोळी साधी, जुनी, स्वस्त. देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत आपल्या शेजारचे भंडारा आणि वर्धा होते. म्हणजे रस्ता माहीत आहे, शेजारच्याने चालून दाखवला आहे. अहेरीच्या, भामरागडच्या, जिवतीच्या पाड्यावर तीच गोळी पावसाळ्यातले चार महिने पोचते का, हा खरा प्रश्न. नाला भरला की गोळी बंद, गोळी बंद की बीपी वर.

आणि खर्रा. यावर मी लिहिलं की मित्र नाराज होतात, कारण अर्ध्या मित्रांच्या खिशात पन्नी असते. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेली ती पन्नी आपल्याकडे लग्नात मिळते, तेरवीला मिळते, ऑफिसात साहेबाच्या टेबलावर असते. तोंडाचा कॅन्सर सगळ्यांना माहीत झालाय. पण चघळायच्या तंबाखूने जीवघेण्या लकव्याचा धोकाही वाढतो, हे किती जणांना माहीत आहे? चंद्रपूरच्या दारूबंदीवर, २०१५ ला लागली, २०२१ ला उठली, आपण सहा वर्षं दोन्ही बाजूंनी तोंड फाटेस्तोवर भांडलो. तेव्हाही हातात खर्राच होता. बीपीवर आपण सहा मिनिटं बोललो नाही.

आता माझा खरा मुद्दा. वर मी म्हणालो की डॉप्लर सरसकट सगळ्या म्हाताऱ्यांवर लावू नका. पण आपल्याच जिल्ह्यांत एक गट असा आहे, ज्यातल्या प्रत्येकावर ते यंत्र दरवर्षी लागलंच पाहिजे. ती म्हातारी माणसं नाहीत. ती दुसरीत, पाचवीत, आठवीत शिकणारी मुलं आहेत.

सिकलसेल.

सिकलसेल म्हणजे सांधे दुखणं, रक्त कमी असणं, पिवळे डोळे, इथपर्यंत आपल्याला माहिती आहे. आदिवासी, अनुसूचित जाती, काही ओबीसी समाज, आपल्या भागात घराघरात नाव माहीत आहे. पण 'एसएस' असलेल्या मुलाची तीच कॅरोटिड नस, मान ओलांडून कवटीत शिरते तिथे, वरच्या टोकाला अरुंद होत जाऊ शकते. चरबीने नाही. विळ्याच्या आकाराच्या पेशी घासून घासून आतली भिंत जाड होते. त्यात रक्तच कमी, त्यामुळे मेंदूला प्राणवायू पुरवायला प्रवाह आधीच जोरात चाललेला. अरुंद नहर आणि पातळ पाणी, दोन्ही एकदम.

अमेरिकेतला जुना हिशेब असा की काहीच उपाय केला नाही तर एसएस मुलांपैकी शंभरात सुमारे ११ जणांना विशीपर्यंत लकवा होतो. पण त्याहून मोठी संख्या दिसत नाही अशांची आहे. १४ वर्षांपर्यंत साधारण तीनातल्या एकाच्या मेंदूत 'मुका' झटका येऊन गेलेला असतो. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडं होत नाही. मेंदूत मात्र छोटासा सुकलेला ठिपका. आणि हे ठिपके कुठे जास्त सापडतात? मेंदूच्या पुढच्या भागातल्या त्याच टोकाच्या बांधीत, दोन पाण्यांच्या हद्दीवर, जिथून लक्ष ठेवायच्या आणि हिशेब धरून ठेवायच्या तारा जातात. म्हणजे सत्तरीच्या आजोबाचं जे सुकतं, तेच दहा वर्षांच्या नातवाचं सुकतं.

त्या नातवाला वर्गात काय म्हणतात? ढ. लक्ष नसतं. बसल्या बसल्या झोपतो. आश्रमशाळेतल्या गुरुजींना दोष देत नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. आजोबाला 'चळला' आणि नातवाला 'ढ', आपली डॉक्टरी इथे संपते.

हे आकडे आफ्रिकी वंशाच्या मुलांचे आहेत, हे मान्य. भारतातल्या सिकलसेलमध्ये बाळपणीचं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, त्यामुळे आपल्याकडे लकवा तुलनेने कमी असावा असं मानतात. पण 'भारतातला सिकलसेल सौम्य असतो' हे वाक्य विदर्भात जपून वापरायला हवं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी वर्षानुवर्षं गंभीर आजारी मुलं पाहिली आहेत, आणि हायड्रॉक्सियुरिया या औषधाच्या कमी मात्रेनेही अशा मुलांचं दुखणं, रक्त चढवावं लागणं कमी होतं हे त्यांच्या गटाने इथल्याच मुलांवर दाखवलं आहे.

आणि उपाय माहीत आहे, हाच राग येण्याचा मुद्दा आहे. कानशिलावर डॉप्लर लावून कवटीतल्या नसेतल्या रक्ताचा वेग मोजतात. सुई नाही, दुखत नाही, पेशंटला भूल नाही. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या वर गेला तर धोका मोठा. नहर अरुंद झाली की पाणी जोरात पळतं, तेवढं साधं गणित. १९९८ साली अमेरिकेतल्या चाचणीने दाखवलं की अशा मुलांना नियमित रक्त दिलं तर पहिल्या लकव्याचा धोका ९० टक्क्यांहून जास्त घटतो. दर महिन्याला रक्त देणं आपल्याकडे अवघड, कबूल. म्हणून पुढची बातमी महत्त्वाची. नायजेरियात, जिथे आपल्यासारखीच रक्ताची टंचाई आहे, तिथे स्थानिक कर्मचाऱ्यांना डॉप्लर शिकवून धोक्यातली मुलं शोधली आणि त्यांना हायड्रॉक्सियुरिया दिलं. २०२२ ला निकाल छापून आला: कमी मात्रा आणि मध्यम मात्रा यांत लकवा टाळण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. कानो आणि कडुना या शहरांत जमलं. चंद्रपूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०१५ पासून आहे, गडचिरोलीलाही २०२४ पासून आहे. आता 'आमच्याकडे काही नाही' हे रडगाणं पुरे.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला शहडोलमधून सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, लक्ष्य २०४७. गावागावात बोटातून रक्त घेतलं, रंगीत कार्डं वाटली. चांगलं झालं. पण कार्डावर भर कशाचा आहे? कोणाशी लग्न करू नये याचा. पुढच्या पिढीचा विचार झाला. जे मूल आज जन्मलेलं आहे, शाळेत बसलेलं आहे, त्याच्या मेंदूचं काय?

माझी मागणी म्हणून लिहितो. दोन्ही जिल्ह्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत कानशिलावरच्या डॉप्लरसाठी एक प्रशिक्षित माणूस आणि आठवड्यातला एक ठरलेला दिवस. दोन ते सोळा वयाच्या प्रत्येक एसएस मुलाची वर्षातून एकदा तपासणी, आश्रमशाळेच्या गाडीने नेऊन आणून. जिल्हा नियोजनाच्या निधीत बसेल एवढाच हा खर्च आहे, कमानी आणि सेल्फी पॉईंट बसतात तसा. आणि म्हाताऱ्यांसाठी माडिया, गोंडी आणि झाडीबोलीत, लिहिता-वाचता न येणाऱ्याला देता येईल अशी स्मरणाची छोटी चाचणी. 'घड्याळाचं चित्र काढा' हे ज्याने आयुष्यात घड्याळ बांधलं नाही त्याला विचारून काय कळणार? हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांतल्या निरक्षर वृद्धांसाठी अशी चाचणी नव्वदच्या दशकात हिंदीत तयार झाली. आपल्याकडे ७० पानांचा पुडा विचारा, हंगामांचा क्रम विचारा, तलावाच्या बांध्या कोणाकोणाच्या ते विचारा. आशाताई बीपी मोजायला येते तेव्हाच पाच मिनिटांत होईल. फक्त त्या पाच मिनिटांचे पैसे तिला द्या, आधीच तिच्यावर तीसेक रजिस्टरांचं ओझं आहे.

ज्यांच्या गावात किंवा जवळपास आश्रमशाळा आहे त्यांनी एक काम करावं. मुख्याध्यापकांना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तीन आकडे विचारून यावं: एसएस मुलं किती, त्यातली डॉप्लर झालेली किती, हायड्रॉक्सियुरिया चालू असलेली किती. मुलांची नावं विचारू नका, या आजाराच्या नावावरून आपल्याकडे सोयरिकी मोडतात. फक्त आकडे. मिळाले तर तालुक्याच्या नावासकट खाली लिहा. 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर तेही लिहा. आठ-दहा तालुक्यांचं जमलं की पालकमंत्र्यांना द्यायचं निवेदन मी टाईप करून इथेच टाकतो.